मुलांच्या अर्जालाही आवक क्रमांक द्या

स्थानिक स्वराज्य संस्थांचे लोकनियुक्त सदस्य, अध्यक्ष आणि अधिकारी यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

शाळकरी मुलांना स्थानिक कारभारात रस वाटला पाहिजे, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी व्यासपीठावरून म्हटलेलं आहे. काहींनी ते कृतीतही आणलं: मुलांना सभागृहात बोलावलं, एका दिवसापुरतं अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं, वर्तमानपत्रात फोटो आला. मी नागरिकशास्त्र शिकवतो. अशा कार्यक्रमांसाठी मुलं निवडून पाठवण्याचं काम माझ्याकडे येतं. काही आठवड्यांनी तीच मुलं विचारतात, ‘‘सर, आम्ही सांगितलं होतं त्याचं पुढे काय झालं?’’ हा प्रश्नही माझ्याकडेच येतो. उत्तर मात्र आपल्याकडे असतं. म्हणून हे पत्र.

मागणी एकच आहे. शाळकरी मुलांनी लेखी दिलेल्या प्रत्येक सूचनेची आपल्या कार्यालयात रीतसर नोंद व्हावी, तिला आवक क्रमांक मिळावा, आणि ठरलेल्या मुदतीत मुलांना सहीचं लेखी उत्तर जावं. ‘करतो’ असो, ‘करता येणार नाही’ असो, ‘हे आमच्या अखत्यारीत नाही’ असो. बालसभा, युवा परिषद, अभिरूप सभागृह या सगळ्याचा विचार त्यानंतर. उत्तराची सवय नसलेल्या कार्यालयाने बालसभा भरवू नये, असंच मी म्हणेन. काही न विचारलेल्या मुलाला फार तर कंटाळा येतो. विचारून, ऐकून घेऊन मग विसरलेल्या मुलाला मात्र कळतं की सगळं असंच चालतं. हा धडा पुसून काढणं माझ्यासारख्याला पुढे फार जड जातं.

यात मी काही जगावेगळं मागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली. भारताने ती डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केली. तिचं बारावं कलम दोन भागांचं आहे. आपल्याशी संबंधित बाबींवर मोकळेपणाने मत मांडण्याचा मुलाला हक्क आहे, हा पहिला भाग भित्तिपत्रकांवर छापला जातो. त्या मताला मुलाचं वय आणि समज पाहून योग्य ते वजन दिलं पाहिजे, हा दुसरा भाग छापायचा बहुधा राहून जातो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये नेमकं याच विसरभोळेपणावर बोट ठेवलं. मुलांना बोलायला जागा हवी आणि बोलण्यासाठी मदत हवी, इथवर सगळे येतात. पण ऐकणारा निर्णय घेण्याच्या अधिकाराचा हवा आणि ऐकल्याचा काही परिणाम दिसायला हवा, या दोन गोष्टींपाशी गाडी अडते. आयर्लंडच्या सरकारने पुढे मुलांच्या सहभागाचं धोरण त्यांच्या या चौकटीवर बेतलं.

खुर्चीत बसवण्याच्या कार्यक्रमांवर माझा राग आहे असं वाटेल, थोडा आहेच. युनिसेफसाठी १९९२ मध्ये रॉजर हार्ट यांनी मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग म्हणायलाच नकार दिला होता: मुलांचा वापर, मुलांची सजावट आणि नावापुरता समावेश. भाषण शिक्षकांनी लिहून दिलेलं, प्रश्न आधी तपासून घेतलेले, उत्तर देणारे अधिकारी दुसऱ्या बैठकीला गेलेले, अशी सभा या तीनपैकी कुठल्या पायरीवर बसते ते आपणच ठरवा. भाषण लिहून देणाऱ्यांत माझे व्यवसायबंधू असतात, हेही खरं.

आता मुलांकडे सांगण्यासारखं असतं तरी काय, या प्रश्नाकडे येतो, कारण खरी शंका तिथेच असते. मोठ्यांना वाटतं, मुलं मागून मागून काय मागतील, बाग आणि जलतरण तलाव. मागतातही, आणि मागू द्यावं. पण त्यांना ‘तुम्हाला काय हवं?’ असं न विचारता ‘तुम्ही रोज कुठून जाता, तिथे काय होतं?’ असं विचारून पाहा. आपल्या कुठल्याही अभियंत्याच्या टेबलावर नसलेली माहिती समोर येते. शाळा सुटण्याच्या पंधरा मिनिटांत फाटकासमोर रस्ता ओलांडता येत नाही, दिवसभर येतो. पदपथ आहे, पण मध्येच विजेची पेटी उभी असल्याने सगळेच खाली उतरून वाहनांमधून चालतात. दिव्याचा खांब आहे, पण दिवा झाडाच्या फांद्यांत गेला आहे, म्हणून मुली संध्याकाळी लांबच्या रस्त्याने जातात. पाण्याचा नळ आहे, पण पहिली-दुसरीतल्या मुलांचा हात तिथवर पोचत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आहे, कडी नाही. वाचनालय आहे, पण त्याची वेळ शाळेच्या वेळेशी जुळणारी, म्हणजे ज्यांच्यासाठी बालविभाग काढला ते वर्गात असतात तेव्हा तो उघडा.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा प्रकल्प लागत नाही. काहींना तर खर्चही लागत नाही, वेळापत्रकात बदल लागतो. आणि यातली एकही गोष्ट मतदार आपल्याकडे घेऊन येणार नाही, कारण मतदार त्या वेळी त्या जागी नसतो. गावाचा एक पूर्ण थर असा आहे की तो फक्त सव्वा मीटर उंचीवरून दिसतो. इटलीतल्या फानो शहरात फ्रान्चेस्को टोनुच्ची यांनी १९९१ पासून मुलांचं शहर ही कल्पना राबवली, तिचा गाभा हाच होता: शहर आखताना मोजमाप म्हणून मोटार चालवणारा प्रौढ धरण्याऐवजी मूल धरावं. मुलाला एकट्याने चालत शाळेत जाता आलं तर त्या रस्त्यावरून म्हातारी माणसं आणि चाकाच्या खुर्चीवरची माणसंही जाऊ शकतात.

मुलांच्या सभांचा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून जुना आहे. आंतरराष्ट्रीय बालवर्षात, १९७९ मध्ये, फ्रान्सच्या शिल्टिगहाइम या छोट्या शहरात मुलांची नगरपरिषद स्थापन झाली आणि मग तिचं लोण फ्रान्सभर पोचलं. राजस्थानात तिलोनियाच्या रात्रशाळांत दिवसा गुरं राखणाऱ्या मुलांनी नव्वदच्या दशकात आपली बालसंसद निवडून दिली. तिच्या मंत्र्यांचं काम शाळेवर आणि शिक्षकांच्या हजेरीवर नजर ठेवण्याचं होतं. (शिक्षक म्हणून ही कल्पना मला थोडी अस्वस्थ करते. तिचा उपयोग त्यातच असावा.) कर्नाटकात काम करणाऱ्या मुलांच्या भीमा संघाने मक्कळ पंचायती, म्हणजे मुलांच्या पंचायती उभ्या केल्या, पुढे त्या राज्यात मुलांच्या ग्रामसभा घ्याव्यात असे शासकीय आदेश निघाले. फिनलंडने २०१५ च्या कायद्याने प्रत्येक पालिकेला युवा परिषद बंधनकारक केली.

पण या सगळ्यांत मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते बोस्टनचं. तिथे २०१४ मध्ये महापालिकेने भांडवली अंदाजपत्रकातले दहा लाख डॉलर बाजूला काढले आणि ते कशावर खर्च करायचे हे १२ ते २५ वयाच्या मुलामुलींनी मतदानाने ठरवावं, असं जाहीर केलं. सूचना आल्यावर लगेच मतपेटी ठेवली नाही. काही मुलं महापालिकेच्या खात्यांबरोबर बसली, कोणती सूचना तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, तिला किती खर्च येईल, हे त्यांनी शोधलं, आणि मग मतपत्रिका तयार झाली. निवडून आलेल्या कामांत खेळाचं मैदान होतं, चित्रं काढायला मोकळ्या भिंती होत्या, काही शाळांसाठी लॅपटॉप होते, आणि एका उद्यानात सुरक्षा कॅमेरे होते. कॅमेरे पाहून मी थबकलो. मुलांनी मागायच्या गोष्टींची मोठ्यांनी यादी केली असती तर ते तिच्यात आले नसते. आणखी एक बारकावा: स्केटिंगच्या मैदानाची मागणीही जिंकली, पण मंजूर झाला तो ते शक्य आहे का हे तपासण्याचा अभ्यास. म्हणजे मुलांना ‘हो’ मिळालं, पण ते ‘आधी बघू’ असं, आणि तेही खरंखुरं ‘बघू’, खर्चाची तरतूद असलेलं.

आपल्याकडे एवढा निधी नसेल, तर त्यावाचून काम अडत नाही. उत्तराला फक्त कागद लागतो. भारतातला माहितीचा अधिकार कायदा, २००५, सरकारी कार्यालयाकडे माहिती मागण्याचा हक्क ‘सर्व नागरिकांना’ देतो. तिसऱ्या कलमात वयाची अट नाही. लखनौच्या एका शाळकरी मुलीने २०१२ मध्ये या कायद्याखाली पंतप्रधान कार्यालयाला विचारलं की गांधीजींना ‘राष्ट्रपिता’ ही पदवी कोणत्या आदेशाने देण्यात आली. अर्ज पंतप्रधान कार्यालयाकडून गृह मंत्रालयाकडे आणि तिथून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेला. असा कागद आमच्याकडे नाही, असं उत्तर आलं. पण आलं! प्राथमिकची पायरी नुकतीच ओलांडलेल्या मुलीच्या प्रश्नाने तीन कार्यालयांना कपाटं उघडायला लावली, कारण कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे आणि अर्ज चुकीच्या दारी गेला तर पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वळवण्याचं बंधन आहे. माझं म्हणणं इतकंच की या दोन नियमांसाठी मुलांना कायद्याचा आधार शोधावा लागू नये. तीस दिवस आणि पाच दिवस, हे आकडे आपण आपल्या साध्या ठरावाने मुलांच्या अर्जांना लावू शकता.

‘नाही’ म्हणण्याची भीती बाळगू नका. कारणासह दिलेला नकार हा नागरिकशास्त्राचा असा धडा आहे की तो मला फळ्यावर शिकवता येत नाही. मुलांनी शाळेसमोर वेगरोधक मागितला आणि आपण लिहिलंत की हा रस्ता आमच्या ताब्यात नाही, तो राज्याच्या बांधकाम खात्याचा आहे, आपलं पत्र आम्ही आज या क्रमांकाने त्यांच्याकडे पाठवलं आहे. तेवढ्या चार ओळींतून मुलांना कळतं की एकाच गावातले दोन शेजारचे रस्ते दोन वेगळ्या मालकांचे असू शकतात, मोठं कार्यालय म्हणजे सगळ्याचं कार्यालय नव्हे, आणि पाठपुरावा नावाची एक गोष्ट असते. ‘निधी नाही’ एवढंच लिहू नका. किती लागेल, कोणत्या शीर्षाखाली लागेल, या वर्षी त्या शीर्षाखालचे पैसे कशावर गेले, हे लिहा. आठवीच्या मुलांना टक्केवारी येते. ती शिकवलेली असते.

आणि कृपा करून ‘आपल्या सूचनेचा यथोचित विचार केला जाईल’ हे वाक्य मुलांना पाठवू नका. मोठ्यांना त्याचा अर्थ माहीत आहे. मुलं ते खरं धरतील.

एक गोष्ट वेळेची. मुलांचे बहुतेक उपक्रम सणासारखे, कॅलेंडरवरची तारीख पाहून होतात. अंदाजपत्रकाची तयारी मात्र स्वतःच्या गतीने चालते, आणि एकदा तरतुदी ठरल्या की पुढच्या वर्षापर्यंत फारसं काही हलत नाही. तरतूद ठरून गेल्यावर घेतलेली बालसभा कितीही रंगली तरी तिच्या मागण्यांना पैसा नसतो. आपल्या कार्यालयात खात्यांकडून मागण्या मागवण्याचं परिपत्रक ज्या आठवड्यात निघतं, त्याच आठवड्यात त्याची एक प्रत शाळांना पाठवा. एवढा एक बदल केलात तरी मुलांच्या सूचना योग्य वेळी योग्य टेबलावर येतील. मोठ्या नागरिकांनाही ती प्रत मिळाली तर बरं होईल, पण ते वेगळ्या पत्राचं प्रकरण.

कोणती मुलं, हा प्रश्न नाजूक आहे आणि त्याची जबाबदारी आपल्यापेक्षा शाळांवर जास्त आहे. सभागृहात येतात ती बहुधा वक्तृत्वात बक्षीस मिळवलेली, स्वच्छ गणवेशातली, वर्गप्रमुख मुलं. त्यांचं काही चुकत नाही. पण अंधाऱ्या रस्त्याची तक्रार ज्या मुलीची आहे ती संध्याकाळी धाकट्या भावंडांना सांभाळत असते, आणि उतार नसलेल्या पायऱ्यांची तक्रार ज्या मुलाची आहे तो पायऱ्यांमुळेच सभागृहात पोचत नाही. कर्नाटकातल्या त्या पंचायतींमागचा संघ शाळेत हुशार ठरलेल्या मुलांचा नव्हता, मजुरी करणाऱ्या मुलांचा होता, हे इथे पुन्हा सांगावंसं वाटतं. म्हणूनही मी सभेपेक्षा अर्जाचा आग्रह धरतो. अर्ज लिहायला धिटाई कमी लागते, अडखळत बोलणारा मुलगाही तो लिहू शकतो, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं वर्गातला दुसरा कोणी लिहून देऊ शकतो.

आक्षेपांपैकी दोन खरे आहेत. पहिला, मुलांचा राजकारणासाठी वापर होईल. होऊ शकतो, होतोही. भारताच्या निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षांना बजावलं होतं की मुलांना प्रचारात कोणत्याही प्रकारे आणायचं नाही. मुलांना घोषणा द्यायला लावण्याचा मोह किती जुना आहे हे त्यावरूनच कळतं. यावर उपाय मुलांना कारभारापासून दूर ठेवण्यात नाही. सगळा व्यवहार कागदावर आणि उघड ठेवा: मुलांचं पत्र आणि आपलं उत्तर दोन्ही सूचनाफलकावर लावा. कोणा सदस्याने मुलांच्या हातून विरोधकावर बाण सोडला, तर तो फलकावर सगळ्यांना दिसेल.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. मुलांनी खरोखर अडचणीचं काही लिहिलं तर? रस्त्याचं काम निकृष्ट झालं, शाळेच्या दुरुस्तीचे पैसे आले पण दुरुस्ती झाली नाही, अमुक जागेवर अतिक्रमण आहे. अशा अर्जाखाली एका मुलाचं नाव असेल तर उद्या त्याच्या घरच्यांना कोणी काही बोलेल. म्हणून अर्ज वर्गाच्या नावाने घ्यावेत आणि उत्तरही वर्गाच्या नावाने द्यावं. एकट्या मुलाचा अर्ज आला तर फलकावर लावताना त्याचं नाव झाकावं. हे न पाळणाऱ्या कार्यालयाकडे मी माझ्या वर्गाचं पत्र पाठवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मुलांचा अभ्यास बुडेल, हा आक्षेप मी सोडून देतो.

मतदानाच्या वयाचा विषय मी मुद्दाम काढलेला नाही. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये ते सोळावर आणलं, ब्राझीलमध्ये १९८८ च्या राज्यघटनेपासून सोळाव्या वर्षी ऐच्छिक मतदान आहे, आपल्याकडे १९८९ मध्ये ते एकवीसवरून अठरावर आलं. त्या वादाचा निकाल आपल्या हातात नाही. पण सहावी-सातवीपासून ज्यांनी कार्यालयाशी पत्रव्यवहार केला आहे, ज्यांना दोन नकार आणि एक होकार मिळाला आहे, ती मुलं मतदार यादीत येतील तेव्हा आपल्या जाहीरनाम्यातलं कोणतं आश्वासन आपल्या अखत्यारीतलं आहे आणि कोणतं नाही, हे त्यांना कळत असेल. याची काहींना धास्ती वाटू शकते.

शाळांच्या बाजूने काय लागेल, तेही लिहितो, म्हणजे सगळा भार आपल्यावर टाकल्यासारखं होणार नाही. अर्ज मुलांनी स्वतः लिहायचा; आम्ही फक्त शुद्धलेखन आणि पत्ता तपासायचा, मजकूर नाही. अर्ज देण्याआधी मुलांनी जागेवर जाऊन पाहायचं, मोजायचं, शक्य तिथे रेखाटन जोडायचं. ‘रस्ता खराब आहे’ असा अर्ज आम्ही परत लिहायला लावू; ‘फाटकापासून वळणापर्यंत सात खड्डे आहेत, नकाशा सोबत जोडला आहे’ असा अर्ज आपल्याकडे येईल. आणि आपलं उत्तर आलं की ते वर्गात वाचलं जाईल, अगदी ते मुलांच्या मनाविरुद्ध असलं तरी.

आपल्याकडून ठरावात चार ओळी पुरतील: मुलांचे अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचे, पोच कोण देणार, किती दिवसांत उत्तर, आणि उत्तरावर सही कोणाची. शेवटच्या ओळीबाबत आग्रह आहे. सही ‘करिता’ नको. ज्याला निर्णयाचा अधिकार आहे त्याची, नाव वाचता येईल अशी हवी, म्हणजे मुलांना स्मरणपत्र कोणाला लिहायचं ते कळेल. ठराव झाल्यावर त्याची प्रत शाळांना पाठवावी. आमचे पहिले अर्ज पुढच्या अंदाजपत्रकाच्या मागण्या निघण्याआधी आपल्या आवक टेबलावर असतील.

आपला,
नागरिकशास्त्राचा एक शिक्षक